ध्वनीचे चित्र : मृदंगावरील वाळूपासून संगणकाच्या एका आज्ञेपर्यंत

दरवर्षी २८ फेब्रुवारीला देशभर राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. १९२८ साली याच दिवशी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणासंबंधीचा आपला शोध जाहीर केला. त्यामुळे शाळा-महाविद्यालयांतील भाषणांत रामन यांचे नाव प्रकाशाशी कायमचे जोडले गेले आहे. परंतु प्रकाशाकडे वळण्यापूर्वीची रामन यांची कित्येक वर्षे ध्वनीच्या अभ्यासात गेली होती. व्हायोलिनची तार, तंबोऱ्याची घोडी आणि मृदंगाची पुडी हे त्यांच्या संशोधनाचे विषय होते. त्यांपैकी मृदंगाच्या प्रयोगात त्यांनी एक अत्यंत साधी गोष्ट केली. वाद्याच्या पुडीवर बारीक वाळू भुरभुरली, थाप मारली आणि वाळूने काढलेल्या आकृतीचे छायाचित्र घेतले.

आज महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी संगणकाच्या काळ्या पटलावर एक ओळ टंकतो आणि पाच मिनिटांच्या गाण्याची हलती रंगीत चित्रफीत काही क्षणांत तयार होते. तरंग उसळतात, रंगांचे पट्टे सरकतात. वाळूची ती आकृती आणि ही चित्रफीत यांचे कूळ एकच आहे. कानाने ऐकलेले डोळ्याने पाहता येईल काय, आणि पाहिलेले पुरावा म्हणून धरता येईल काय, हे दोन प्रश्न या कुळाच्या मुळाशी आहेत. पहिल्याचे उत्तर सव्वादोनशे वर्षांपूर्वीच मिळाले. दुसऱ्याचे उत्तर प्रत्येक पिढीला नव्याने शोधावे लागले आहे.

धूळ, आरसे आणि काजळी

या इतिहासाचा आरंभ सामान्यतः अर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन भौतिकशास्त्रज्ञापासून मानतात. १७८७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने कंप पावणाऱ्या पातळ पत्र्यांच्या आकृत्या दिल्या. पत्र्यावर वाळू पसरायची आणि त्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. पत्र्याचे जे भाग जोराने थरथरतात तेथून वाळू उडते आणि जे भाग स्थिर राहतात तेथे ती साचते. स्थिर रेषांची, म्हणजेच निस्पंद रेषांची, नक्षी डोळ्यांसमोर उभी राहते. १८०९ साली क्लाड्नीने हा प्रयोग नेपोलियनला दाखविला. या आकृत्यांचे गणित मांडण्यासाठी फ्रान्समध्ये पारितोषिक ठेवले गेले आणि १८१६ साली ते सोफी जर्मेन या गणितज्ञ स्त्रीने मिळविले.

क्लाड्नीच्या आकृतीत काळ नव्हता. ती एका टिकून राहिलेल्या स्वराची नक्षी होती. १८५७ च्या सुमारास ज्यूल लिसाजू याने प्रकाशाचा किरण वापरला. दोन नादकाट्यांना लहान आरसे बसवून त्याने त्या एकमेकींशी काटकोनात कंपित केल्या आणि आरशांवरून परावर्तित झालेला किरण पडद्यावर पाडला. दोन्ही काट्यांची वारंवारता सारखी असेल तर पडद्यावर लंबवर्तुळ दिसे; एकीची दुसरीच्या दुप्पट असेल तर आठाच्या आकड्यासारखी आकृती दिसे. काटे किंचित बेसूर असतील तर आकृती हळूहळू फिरू लागे. कानाला जो फरक जेमतेम जाणवतो तो डोळ्याला स्पष्ट दिसला.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये एदुआर-लिओं स्कॉट द मार्तिनव्हिल या मुद्रणव्यवसायातील गृहस्थाने ‘फोनोटोग्राफ’ या यंत्राचे पेटंट घेतले. कर्ण्याच्या तोंडाशी एक पातळ पडदा, पडद्याला चिकटविलेला एक ताठ केस आणि त्याच्यासमोर काजळी धरलेला, फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेला कागद, अशी त्याची रचना होती. कोणी बोलले वा गायले की केस थरथरे आणि काजळीत नागमोडी रेघ उमटे. ध्वनीचे काळानुसार काढलेले हे पहिले चित्र. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा, म्हणजे स्कॉटनंतर वीस वर्षांनी आलेला. स्कॉटला ध्वनी पुन्हा ऐकवायचा नव्हताच. त्याला तो लिहायचा होता, जेणेकरून लोक तो वाचू शकतील.

चुकलेल्या एककाची गोष्ट

स्कॉटने ९ एप्रिल १८६० रोजी एका फ्रेंच लोकगीताचा तुकडा अशा कागदावर टिपला होता. तो कागद पॅरिसमधील संग्रहात पडून राहिला. २००८ साली ‘फर्स्ट साउंड्स’ या गटातील अमेरिकी संशोधकांनी त्याची सूक्ष्म प्रतिमा घेऊन संगणकाद्वारे रेघेचे पुन्हा ध्वनीत रूपांतर केले. पाहण्यासाठी काढलेले चित्र जवळजवळ दीडशे वर्षांनी ऐकू आले. तो आवाज एखाद्या लहान मुलीचा वा स्त्रीचा असावा असे प्रथम वाटले आणि वृत्तपत्रांतही तसेच छापून आले.

पुढे चूक लक्षात आली. नळकांडे हाताने फिरविले जात असल्याने त्याचा वेग एकसारखा नसे. म्हणून स्कॉटने गाण्याच्या रेघेशेजारीच एका नादकाट्याचीही रेघ टिपून ठेवली होती. काळाची पट्टीच ती. काट्याची वारंवारता ५०० अशी नोंदलेली होती. परंतु त्या काळच्या फ्रेंच पद्धतीत एका दिशेचे हेलकावणे म्हणजे एक कंप मोजत, जाणे आणि येणे मिळून एक नव्हे. आजच्या भाषेत ती वारंवारता २५० हर्ट्‌झ होती. एककाचा अर्थ दुपटीने चुकल्यामुळे आवाज दुप्पट वेगाने वाजविला गेला होता. वेग निम्मा करताच त्या मुलीच्या जागी एक पुरुष सावकाश गाताना ऐकू आला. तो बहुधा स्वतः स्कॉटच असावा असे मानले जाते.

ध्वनिचित्राच्या इतिहासातील हा प्रसंग प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा आहे. रेघ शंभर टक्के खरी होती, यंत्र निर्दोष होते, रूपांतराचे गणितही बिनचूक होते. केवळ अक्षावरील एककाचा अर्थ चुकला आणि गाणाऱ्याचे लिंग आणि वय बदलून गेले.

बहूबझार रस्त्यावरील प्रयोगशाळा

रामन १९०७ साली वित्त खात्यात अधिकारी म्हणून कोलकात्यास रुजू झाले. रंगून आणि नागपूर येथील नेमणुकांचा काळ सोडला तर पुढली अनेक वर्षे त्यांचा दिनक्रम ठरलेला होता. कचेरीच्या आधी आणि नंतर ते बहूबझार रस्त्यावरील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत जात. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकवर्गणीतून उभारलेली ही संस्था साधनांच्या बाबतीत श्रीमंत नव्हती. ध्वनीच्या अभ्यासाला मात्र फार खर्चिक साधने लागत नाहीत.

तंबोऱ्याविषयीचा त्यांचा निबंध १९२१ सालचा. छेडलेल्या तारेविषयी यंग आणि हेल्महोल्ट्‌झ यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या अधिस्वराचा निस्पंद असतो, तो अधिस्वर त्या नादात उमटू नये. रामन यांना आढळले की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. जो अधिस्वर मुळीच ऐकू येऊ नये तो स्पष्ट ऐकू येतो. याचे कारण घोडीच्या रुंद, किंचित वक्र पृष्ठभागात आहे. तार कंप पावताना या पृष्ठाला पुन्हापुन्हा लागते आणि सुटते. घोडीवर सरकविलेला सुताचा ‘जीव’ हे लागणे-सुटणे नेमके साधून देतो आणि त्यातून ती भरदार जवारी जन्मते. कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या कानाने जुळवलेली गोष्ट भौतिकशास्त्राच्या चालू नियमाला अपवाद ठरत होती.

मृदंगाची गोष्ट याहूनही विलक्षण आहे. गोल, एकसारख्या ताणलेल्या पातळ पडद्याच्या कंपांचे गणित त्या काळी ज्ञात होते. त्याच्या मूळ वारंवारतेला १ मानले तर पुढील वारंवारता १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशा येतात. पूर्णांकांशी त्यांचा मेळ नाही. म्हणूनच साध्या ढोलातून ‘स्वर’ निघत नाही, आघात निघतो. परंतु मृदंग आणि तबला यांतून स्वर निघतो. ते वाद्य गायकाच्या षड्जाला मिळवावे लागते. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात या वाद्यांच्या अधिस्वरांचे गुणोत्तर पूर्णांकी असल्याचे नोंदविले. याचे श्रेय पुडीच्या मध्यभागी थरांवर थर देऊन घोटलेल्या शाईकडे जाते. मध्यभाग जड झाल्याने कंपांच्या वारंवारता सरकतात आणि १, २, ३, ४, ५ या पायऱ्यांवर येऊन बसतात.

१९३४ साली रामन यांनी बंगळुरूत इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची स्थापना केली. अकॅडमीच्या कार्यवृत्ताच्या पहिल्याच खंडात भारतीय तालवाद्यांवरील त्यांचा सविस्तर निबंध आहे. वाळूच्या आकृत्या त्यातल्या. पुडीचे नऊ निरनिराळे कंपप्रकार अवघ्या पाच स्वरांत कसे एकवटतात, हे त्या आकृत्यांवरून दिसते. पहिल्या दोन स्वरांना प्रत्येकी एक प्रकार, तिसऱ्याला आणि चौथ्याला दोन-दोन, पाचव्याला तीन. वादकाचे बोट कोठे टेकले आहे आणि थाप कोठे पडली आहे, यावर नऊपैकी कोणते प्रकार जागे होतील हे ठरते. पुढे १९५४ साली बी. एस. रामकृष्ण आणि मनमोहन सोंधी यांनी जड मध्यभाग असलेल्या पडद्याचे गणित मांडून या निष्कर्षाला सैद्धांतिक पाया दिला. कानाने जे अनेक शतके माहीत होते ते वाळूने दाखविले आणि समीकरणाने समजावले. चित्र पुरावा कसे ठरते याचा हा नमुना म्हणता येईल.

रागाचे चित्र आणि श्रुतींचा वाद

भारताला ध्वनीचे चित्र परके नव्हते. सोळाव्या-सतराव्या शतकांत दख्खनपासून राजस्थानपर्यंत रागमालेची चित्रे काढली गेली. मात्र त्यांत कंप नव्हता, भाव होता. विरहिणी, मेघ, झोपाळा, हरणे यांतून रागाची मनःस्थिती रंगविली जाई. ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटते याचे ते चित्र होते. हवेत काय घडते याचे नव्हे.

विसाव्या शतकाच्या आरंभी विष्णु नारायण भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी आपापल्या स्वरलेखनपद्धती रूढ केल्या. त्यांमुळे बंदिशी कागदावर टिकल्या. तरीही एका स्वरावरून दुसऱ्यावर गळा कोणत्या वाटेने गेला हे चिन्हांत मावत नाही. मींडेची खूण मींड असल्याचे सांगते, तिचा आकार सांगत नाही. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरांत तर राग पुष्कळदा त्या वाटेतच असतो.

याच सुमारास श्रुतींचा वाद पेटला होता. सप्तकात बावीस श्रुती आहेत हे शास्त्रग्रंथ सांगत, परंतु त्यांची नेमकी स्थाने कोणती याविषयी एकमत नव्हते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. तारेच्या लांबीचे गणित आणि प्रत्यक्ष गायन यांची सांगड घालण्याचा तो प्रयत्न होता. ई. क्लेमंट्स हा सनदी अधिकारी आणि किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ हेही या खटाटोपात सहभागी झाले. या मंडळींची तळमळ खरी होती. अडचण अशी होती की मोजमाप थांबलेल्या स्वराचे होत होते आणि वाद चालत्या स्वरांचा होता.

१९६३ साली नाझीर जयराझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी ध्वनिमुद्रित हिंदुस्थानी संगीतातील स्वरांची यांत्रिक मोजणी प्रसिद्ध केली. कलावंताकलावंतांत स्वरस्थाने वेगळी पडतातच, पण एकाच कलावंताच्या एकाच मैफलीतही ती ठाम राहत नाहीत, असे त्यांना आढळले. ‘शुद्ध गंधार नेमका अमुकच’ या आग्रहाला हा मोठा धक्का होता. काहींनी यावरून श्रुती ही निव्वळ कल्पना ठरविली. काहींनी यंत्रच नाकारले. दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या होत्या. मोजणीने एवढेच दाखविले होते की स्वर हा बिंदू नसून प्रदेश आहे.

मग तो प्रदेश आणि त्यातील वाटा दाखविणारे चित्र हवे होते. अमेरिकेत चार्ल्स सीगर यांनी १९५० च्या दशकात चालीचा आलेख काढणारे ‘मेलोग्राफ’ यंत्र पुढे आणले. भारतात १९८० च्या दशकाच्या आरंभी बर्नार्ड बेल यांनी ‘मेलोडिक मूव्हमेंट ॲनालायझर’ हे यंत्र घडविले आणि मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएत, त्यावर काम झाले. पुढे याच केंद्रात सुवर्णलता राव आणि विम व्हान डेर मेर यांनी रागसंगीताच्या आलेखांचा मोठा प्रकल्प केला. त्यात गाणे वाजत असताना त्याच्या स्वररेषेवरून एक दर्शक सरकत जातो. आडव्या रेषा त्या गायकाच्या षड्जापासून मोजलेल्या असतात. २०११ पासून बार्सिलोनाच्या पॉम्पेऊ फाब्रा विद्यापीठाच्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पात भारतीय संस्थाही सामील झाल्या. कर्नाटक आणि हिंदुस्थानी संगीताचे मोठे संग्रह त्यातून संगणकीय अभ्यासासाठी उपलब्ध झाले.

गणित स्वस्त कसे झाले

या सर्वांमागे एक गणिती कल्पना आहे. १८२२ साली जोसेफ फूरिये याने उष्णतेच्या अभ्यासात दाखविले की कितीही गुंतागुंतीचा आवर्ती तरंग साध्या तरंगांच्या बेरजेत फोडता येतो. ध्वनीला हे लागू केले की त्यातील वारंवारतांचा वर्णपट मिळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बोलण्याचा असा वर्णपट कागदावर उमटविणारे यंत्र तयार झाले. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर वारंवारता आणि काळेपणातून तीव्रता. या चित्राला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. तेथील संशोधकांचे यावरील पुस्तक १९४७ साली निघाले. कर्णबधिरांना बोलणे वाचता यावे ही त्यामागील एक आशा होती. त्या पठडीतील पुढील यंत्रे सुमारे २.४ सेकंदांचा ध्वनी एका वेळी घेत आणि त्याचे चित्र उमटण्यास मिनिटे लागत.

हे काम संगणकाकडे सोपविण्यात अडथळा आकडेमोडीचा होता. १०२४ नमुन्यांचा वर्णपट सरळ पद्धतीने काढायचा तर सुमारे १० लाख ४८ हजार गुणाकार करावे लागतात. १९६५ साली जेम्स कूली आणि जॉन ट्यूकी यांनी प्रसिद्ध केलेल्या शीघ्र फूरिये रूपांतराने हेच काम साधारण १० हजारांच्या पटीत आणले. या युक्तीचे बीज गाउसच्या १८०५ च्या सुमाराच्या टिपणांत होते, हे मागाहून उघड झाले. शंभरपट काटकसरीने स्पेक्ट्रोग्राम प्रयोगशाळेतून बाहेर पडला.

दुसऱ्या बाजूने करमणुकीची परंपरा वाढत होती. ऑस्कर फिशिंगर याने संगीतावर अमूर्त आकारांचे चित्रपट केले. मेरी एलेन ब्यूट हिने १९५० च्या दशकात ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरील तरंग चित्रपटात वापरले. १९७७ साली अटारी कंपनीने संगीत-यंत्रणा दूरचित्रवाणीला जोडून रंगीत आकृत्या दाखविणारा खोका विकायला काढला. १९९७ साली आलेल्या विनॲम्प या वादकप्रणालीने आणि २००१ च्या ‘मिल्कड्रॉप’ने हे आकार घराघरांतील संगणकांवर नेले. ही सारी रागमालेची वंशज. त्यांचे काम मन रंगविणे, मोजणे नव्हे.

एका ओळीत काय घडते

फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने २००० साली ‘एफएफएमपेग’ हा मुक्त प्रकल्प सुरू केला. त्याला खिडक्या नाहीत, बटणे नाहीत. टर्मिनलमध्ये आज्ञा लिहायची. आधी कार्यक्रमाचे नाव, मग ध्वनिफाइलचे नाव, मग फिल्टरचे नाव आणि चौकटीचा आकार, शेवटी तयार होणाऱ्या चित्रफितीचे नाव. फिल्टर म्हणजे एका बाजूने प्रवाह घेऊन दुसऱ्या बाजूने बदललेला प्रवाह देणारी गाळणी. येथे ध्वनी आत जातो आणि चित्र बाहेर येते.

आतील काम असे चालते. संकुचित केलेली ध्वनिफाइल प्रथम उलगडली जाते. सीडीच्या दर्जाचा ध्वनी म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने. चित्रफीत सेकंदाला २५ चौकटींची असेल तर प्रत्येक चौकटीच्या वाट्याला १,७६४ नमुने येतात. पाच मिनिटांच्या गाण्यासाठी ७,५०० चौकटी काढाव्या लागतात. मग त्या चौकटी संकुचित करून मूळ ध्वनीसह एका फाइलमध्ये बांधल्या जातात.

कोणती चौकट काढायची हे फिल्टर ठरवितो आणि या फिल्टरांच्या नावांतून मागील सारा इतिहास डोकावतो. ‘शोवेव्ह्‌ज’ तरंगरूप काढतो. स्कॉटची काजळीतील रेघच ती. ‘शोस्पेक्ट्रम’ बेल प्रयोगशाळेचा स्पेक्ट्रोग्राम काढतो. ‘अव्हेक्टरस्कोप’ डाव्या आणि उजव्या कर्ण्याचा ध्वनी एकमेकांसमोर मांडतो आणि त्याच्या मूळ मांडणीचे नावच ‘लिसाजू’ आहे. एकाच ध्वनिग्राहकावर मुद्रित झालेले जुने गाणे त्यात घातले तर दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असल्याने केवळ एक उभी रेघ दिसते. ‘शोसीक्यूटी’ वारंवारता समान अंतरावर न मांडता सप्तकांच्या पायऱ्यांनुसार मांडतो. ‘सॉक्स’ हे आणखी जुने, १९९१ पासूनचे साधन. तेही एका आज्ञेत स्पेक्ट्रोग्रामचे स्थिर चित्र देते.

टंकित आज्ञेचा एक गुण बटणांच्या प्रणालीत सहसा नसतो. आज्ञेत खिडकीची लांबी, मापाचा प्रकार, चौकटींचा दर असे सारे लिहिलेले असते. ती ओळ जपून ठेवली की दुसरा कोणीही तेच चित्र पुन्हा काढून पडताळू शकतो. प्रयोगाची वही आणि प्रयोग दोन्ही त्या ओळीत एकत्र नांदतात.

चित्र काय लपविते

आता स्कॉटच्या कागदाचा धडा येथे लावून पाहावा. एखादा पुरुष गायक काळी एकमध्ये गात आहे. त्याचा मध्य षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्‌झचा. त्याच्या वरचा कोमल रिषभ सुमारे ८ हर्ट्‌झने दूर. स्पेक्ट्रोग्रामसाठी ४,०९६ नमुन्यांची खिडकी घेतली तर ती सुमारे ९३ मिलिसेकंदांची होते आणि वर्णपटातील दोन शेजारच्या घरांमधील अंतर जवळजवळ १०.८ हर्ट्‌झ असते. म्हणजे मूळ स्वराच्या पट्टीत षड्ज आणि कोमल रिषभ वेगळे दिसणेच कठीण. श्रुतीचा फरक तर त्याहून कितीतरी बारीक. ८१:८० या गुणोत्तराचा फरक येथे अवघा १.७ हर्ट्‌झ भरतो.

खिडकी मोठी करावी तर? ६५,५३६ नमुने घेतले की घरांमधील अंतर ०.६७ हर्ट्‌झवर येते. पण ती खिडकी दीड सेकंदाची होते आणि त्या दीड सेकंदात घेतलेली मींड, मुरकी, गमक सारे एका धूसर पट्ट्यात मिसळते. काळ नेमका हवा तर स्वर धूसर, स्वर नेमका हवा तर काळ धूसर. डेनिस गाबोर यांनी १९४६ साली या मर्यादेची गणिती मांडणी केली. कोणतेही सॉफ्टवेअर ती ओलांडू शकत नाही. एकट्या गळ्याच्या बाबतीत आवर्तनकाळ मोजून किंवा वरचे अधिस्वर तपासून स्वर अधिक बारकाईने काढता येतो. चालीच्या आलेखांची प्रणाली हेच करते. तंबोरा, संवादिनी आणि तबला एकत्र वाजू लागले की तेही अवघड होते.

दुसरा प्रश्न अक्षाचा. ‘शोसीक्यूटी’च्या चित्रात युरोपीय स्वरनामांची पट्टी असते, सप्तकाचे बारा समान भाग पाडलेली आणि ४४० हर्ट्‌झच्या प्रमाणाला बांधलेली. रागसंगीतात षड्ज गायकागणिक बदलतो. तंबोऱ्यात आपोआप उमटणारा गंधार ५:४ या गुणोत्तराचा. समान भागांच्या पट्टीवर तो अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने उतरलेला दिसतो. चित्र पाहणाऱ्याने पट्टी कोणाची आहे हे विचारले नाही तर तो अत्यंत सुरेल गायकाला ‘उतरलेला’ ठरवील. यंत्राने खोटे काही सांगितलेले नसते. प्रश्नच दुसऱ्या संगीताचा विचारलेला असतो.

तिसरी बाब मूळ फाइलची. कमी दराने संकुचित केलेल्या एमपी-थ्री फाइलचा स्पेक्ट्रोग्राम पाहिला तर साधारण १६ हजार हर्ट्‌झच्या वर बहुधा सपाट अंधार दिसतो, कात्रीने कापल्यासारखा. तीच फाइल नंतर मोठ्या दर्जाच्या स्वरूपात साठविली तरी तो अंधार जात नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांचे संग्राहक प्रत अस्सल की दुय्यम हे यावरून ओळखतात. भारतात गौहर जान यांचे गाणे १९०२ साली कोलकात्यात तबकडीवर उतरले. त्या आरंभीच्या काळात तबकड्यांचा फिरण्याचा वेग सर्वत्र एक नव्हता. चुकीच्या वेगाने वाजविलेल्या तबकडीवरून कलावंताची पट्टी, लय आणि तानेचा वेग ठरविला तर ते १८६० च्या कागदाच्या पहिल्या वाचनासारखेच होईल. आज या तबकड्या वेगाने संगणकीय फाइलींत उतरत आहेत आणि पुढील पिढ्या मूळ तबकडीपेक्षा त्या फाइलींवरच विसंबणार आहेत. म्हणून वेग, उपकरण आणि रूपांतराची आज्ञा यांची नोंद फाइलसोबत राहणे हे शिस्तीचे नव्हे, स्मृतीचे काम आहे.

वाळू आणि आज्ञा

रामन यांच्या वाळूची आकृती विश्वसनीय का ठरली? त्यांनी आधी कानाने ऐकले होते, वादकाच्या बोटांची जागा पाहिली होती आणि चित्र पाहण्यापूर्वी त्याला विचारायचा प्रश्न ठरविला होता. वाळूने केवळ उत्तर दिले. आजची चित्रफीत त्या आकृतीपेक्षा हजारपट तपशीलवार आहे, पण प्रश्नाशिवाय काढलेली चित्रफीत रागमालेच्या चित्राइतकीच मनोहर आणि मोजमापाच्या दृष्टीने तितकीच मुकी असते. मनोहर असण्यात काही उणेपणा नाही. दोहोंतील भेद मात्र पाहणाऱ्याला ठाऊक असावा.

तो भेद समजण्याचा प्रयोग कोणत्याही महाविद्यालयात होऊ शकतो. शाई चढविलेल्या तबल्याच्या पुडीवरील ‘ना’ आणि शाई नसलेल्या साध्या डफावरील थाप, दोन्ही भ्रमणध्वनीवर मुद्रित करावेत. एकाच आज्ञेने, एकाच खिडकीने, एकाच मापाने दोहोंचे स्पेक्ट्रोग्राम काढावेत. तबल्याच्या चित्रात पट्ट्या जवळजवळ समान अंतरावर, शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे दिसतात. डफाच्या चित्रात त्या विस्कटलेल्या असतात. १९२० साली ‘नेचर’मध्ये छापलेले वाक्य अशा रीतीने शंभराहून अधिक वर्षांनी वर्गातील पडद्यावर उभे राहते आणि शाई घोटणाऱ्या अनाम कारागिराच्या कानाची साक्ष भौतिकशास्त्राच्या चित्रात नोंदली जाते.